१९८१ ची बाटली आणि आमची उपटलेली बाग

दोन महिने पानावर काही लिहिलं नाही. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, बाग विकली की काय. विकली नाही. पण दिंडोरी रस्त्याकडच्या थॉमसनच्या प्लॉटचा निर्णय अडकला होता आणि त्या निर्णयात एक बाटली येऊन बसली होती. तेच आज सविस्तर लिहितो. आधीच सांगतो, ही दारूची जाहिरात नाही. आमचं घर माळकरी आहे. मी स्वतः वर्षातून कधीतरी घोटभर वाइन घेतो, तीही द्राक्षवाला म्हणून, चव समजावी म्हणून. ज्यांना विषय आवडणार नाही त्यांनी फक्त वेलीचा भाग वाचावा. खरा मुद्दा वेलीचाच आहे.

माझा भाचा स्पेनमध्ये बिल्बाओला नोकरीला आहे. गेल्या जूनमध्ये, खरड छाटणीची कामं मार्गी लागल्यावर, त्याच्याकडं दहा दिवस गेलो. तो म्हणाला, "मामा, तुला समुद्र दाखवू की द्राक्षं?" म्हटलं, द्राक्षं दाखव, समुद्र मुंबईला पण आहे.

बिल्बाओहून दक्षिणेला गाडीनं सव्वा तासावर आरो म्हणून गाव आहे, ला रिओहा भागातलं. रिओहा म्हणजे स्पेनच्या लाल वाइनचं सगळ्यात नावाजलेलं नाव. एब्रो नदी, दोन्ही बाजूला डोंगर, आणि मधे नजर जाईल तिथवर द्राक्षं. आपल्यासारखे मांडव नाहीत, वाय नाहीत. जुन्या बागा तर तारेवर पण नाहीत. गुडघ्याएवढं जाड खोड, त्यातून तीन-चार हात फुटलेले आणि वर झुडपासारखी पानं. लांबून बघितलं तर तुरीचं शेत वाटावं. फुलोरा नुकताच संपत आला होता, मणी ज्वारीएवढे.

गावात रेल्वे स्टेशनाशेजारी जुन्या वाइनवाल्यांची एक वस्तीच आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बागा फायलोक्सेरानं, म्हणजे मुळावरच्या बारीक किडीनं, बसल्या. तिथले व्यापारी वाइन शोधत रिओहात आले. माल रेल्वेनं बंदरावर जायचा म्हणून सगळ्यांनी स्टेशनाला चिकटून तळघरं बांधली. १८७७ ची लोपेझ दे एरेदिया, १८७९ ची कूने, १८९० ची ला रिओहा आल्ता, सगळे शेजारी शेजारी. आपल्याकडं पिंपळगावला बाजार समितीभोवती पॅकहाऊस उभे राहिले तसंच. पुढं १८९९ च्या सुमाराला तीच कीड रिओहात पण पोचली आणि त्यांच्या बागा गेल्या. मग अमेरिकन खुंटावर कलमं करून सगळं नव्यानं लावलं. आपलं डॉगरिज पण मूळचं अमेरिकेचंच, टेक्सासकडचं. म्हणजे सोयरीक जुनी आहे.

लोपेझ दे एरेदियाचं तळघर आम्ही बघितलं. बाहेर ऊन चटके देत होतं आणि आत उतरलो तर अंगावर स्वेटर लागला. तेरा-चौदा अंशाच्या आसपास तापमान, भिंती ओल्या, वर काळी बुरशी आणि कोळ्यांची जाळी. जाळी मुद्दाम झाडत नाहीत. बुचाला भोक पाडणारा पतंग कोळी खातात, म्हणून त्यांना राहू देतात. जैविक नियंत्रण म्हणा. पिंपं २२५ लिटरची, अमेरिकन ओक लाकडाची, आणि ती तिथंच त्यांचे सुतार बनवतात, दुरुस्त करतात. त्यांची मुख्य बाग तोंदोनिया नावाची, एब्रोच्या वळणात शंभर हेक्टरच्या पुढं. कीड येऊन गेल्यावर १९१३-१४ ला लावलेली. त्यातल्या वाइनवर बागेचंच नाव असतं, विन्या तोंदोनिया. पाऊणभाग टेम्प्रानिलो आणि बाकी गार्नाचो, ग्रासियानो, माथुएलो. टेम्प्रानो म्हणजे लवकर. लवकर पिकणारी म्हणून टेम्प्रानिलो. आपल्याकडं हळवा भात म्हणतो तसं.

पण बाटली काही आम्ही तिथं चाखली नाही. ती दुसऱ्या दिवशी, एका शेतकऱ्याच्या घरी.

भाच्याच्या ऑफिसातल्या एकाचे वडील आरोजवळच्या गावात द्राक्ष करतात. वय ऐंशीच्या घरात. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. मी त्यांना बाबाच म्हणत होतो आणि ते पण ओ देत होते. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही, भाचा मधे. पण बागेत गेल्यावर भाच्याला बोलायचं काम राहिलं नाही. त्यांनी खोडाला हात लावला, मी लावला. त्यांनी डोळा दाखवला, मी बोटं करून विचारलं किती डोळ्यांवर छाटता, ते म्हणाले दोन. झालं.

त्यांच्या वडिलांनी लावलेला एक तुकडा आहे, दीडेक एकराचा. सत्तर वर्षांच्या वर वय. खोडं माझ्या मांडीएवढी, पिळवटलेली, काही आतून पोकळ. मधे मधे तूट आहे. मी विचारलं, परवडतं का? त्यांनी सरळ मान हलवली, नाही. रिओहात लाल द्राक्षाला हेक्टरी ६५०० किलोची कायद्यानं मर्यादा आहे, म्हणजे एकरी साधारण २६०० किलो. जास्त पिकवलं तर रिओहा नावानं विकता येत नाही. आपण एकरी दहा टनाच्या खाली आलो की डोक्याला हात लावतो! आणि हा जुना तुकडा त्या २६०० पर्यंत पण जात नाही. १९८६ ला स्पेन युरोपच्या संघात गेला, त्यानंतर वेल उपटायचे पैसे मिळायचे. त्यांच्या शेजाऱ्यानं घेतले आणि उपटलं. यांनी उपटलं नाही. का, म्हणून विचारलं तर खांदे उडवले आणि हसले.

तिथं सगळं गोडगोड आहे असं समजू नका. लाल वाइनचा खप जगभर उतरतोय. टाक्यांमध्ये साठा पडून आहे, मधे तर हिरवे घड झाडावरूनच काढून टाकायला शेतकऱ्याला अनुदान दिलं. हे ऐकून मला आपला २००९-१० चा काळ आठवला. त्यावर येतो.

दुपारी अंगणात छाटणीच्या काड्यांची मोळी पेटवली. आपण काड्या रोटावेटर मारून कुजवतो नाहीतर चुलीला घालतो. तिकडं त्या विस्तवावर कोकराच्या बरगड्या भाजायची पद्धत आहे. मी खात नाही म्हटल्यावर त्यांच्या मंडळींनी त्याच विस्तवावर मोठ्या लाल मिरच्या आणि बटाटे भाजून दिले. शेळीच्या दुधाचं चीज आणि पाव. आणि मग बाबा घरात जाऊन बाटली घेऊन आले.

विन्या तोंदोनिया, ग्रान रेसेर्वा, १९८१. त्यांनी नव्वदच्या दशकात घेऊन तळघरात ठेवलेली. भाच्यानं माझं वय त्यांना आधीच सांगितलं होतं. माझा जन्म १९८१ चा आहे.

मला काय बोलावं कळेना. म्हटलं, एवढी जुनी बाटली माझ्यासाठी फोडू नका. त्यांनी दटावल्यासारखं केलं. भाचा म्हणाला, "मामा, ते म्हणतात, वाइन प्यायलाच करतात."

बाटली त्यांनी आदल्या संध्याकाळपासून उभी ठेवली होती. आडवी असलेली बाटली उभी केली की गाळ बुडाला बसतो. बूच काढायला साधा स्क्रू नाही वापरला. इतक्या वर्षांचं बूच भुसा झालेलं असतं, मधून तुटतं. दोन पातळ पात्यांचा चिमटा असतो, तो बुचाच्या दोन्ही कडांनी हळूहळू आत सारायचा आणि पिळत पिळत वर घ्यायचं. पाच मिनिटं लागली. कोणी बोललं नाही. बूच अखंड निघालं, खालचा भाग काळा, ओला. मग मानेखाली मेणबत्ती धरून काचेच्या भांड्यात धार ओतली. उजेडात गाळाची रेघ मानेकडं सरकताना दिसली तसं त्यांनी थांबवलं.

पहिली गोष्ट म्हणजे रंग. मी जांभळा, काळपट लाल धरून चाललो होतो. ग्लासात होता तो कौलाचा रंग. कडेला तर नारिंगीकडं झुकलेला. भाच्याला म्हटलं, ही कौलासारखी दिसते. त्यानं ते बाबांना सांगितलं आणि बाबा टेबलावर हात आपटून हसले. त्यांच्या भाषेत पण या रंगाला कौलच म्हणतात, तेखा.

कारण साधं आहे. द्राक्षाच्या सालीतला रंग आणि टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि खाली बसतात. तोच गाळ. वरती राहतं ते फिकट आणि मऊ.

पहिला वास खरं सांगू का, चांगला नव्हता. पावसाळाभर बंद ठेवलेल्या खोलीचा. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण बाबांनी ओळखलं. हातानं थांब म्हणाले. वीस मिनिटं आम्ही मिरच्या खाल्ल्या. मग परत ग्लास उचलला आणि खोली उघडल्यासारखं झालं. सुकं अंजीर. संत्र्याची वाळलेली साल. जुन्या लाकडी पेटीत ठेवलेलं लुगडं काढल्यावर येतो तो वास. तंबाखूचं पान. पहिल्या पावसानंतरची मुरमाड जमीन. फळाचा वास म्हणाल तर ताज्या फळाचा बिलकुल नाही, सुकलेल्या बोराचा म्हणता येईल.

आणि घोट घेतला तर आंबट. चाळीस वर्षं उलटून गेलेली वाइन आणि जीभ कोकम चाटल्यासारखी जागी झाली. गोड नाही, जळजळीत नाही, अल्कोहोल बारा-साडेबारा टक्क्यांच्या आसपास. टॅनिनचा तुरटपणा जिरून गेलेला, पण आंबटपणा ताठ उभा. घोट गिळल्यावर चव बराच वेळ जात नव्हती. मी दोन मिनिटं गप्प बसलो. मला रडू वगैरे आलं नाही, पण एक विचार आला. माझ्या आईनं मला पोटात धरलं होतं त्याच साली ही फुलोऱ्यात होती. मी शाळा शिकलो, लग्न केलं, बाग लावली, उपटली, आणि ही तोवर अंधारात पडून होती.

आता शेतकऱ्याच्या डोक्यात जो प्रश्न येतो तोच माझ्या आला. ही टिकली कशी? आपली द्राक्षं पंधरा दिवस कोल्डस्टोरेजला ठेवली तर देठ काळा पडतो.

एक, आम्ल. वाइन टिकवण्यात आम्लाचा हात मोठा असतो. पीएच कमी असला की जंतूंना वाव मिळत नाही आणि रंग पण टिकतो. आता हे बघा. रिओहात टेम्प्रानिलो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात तुटते. म्हणजे मणी पिकत जातो तसे दिवस थंड होत जातात, रात्री गार. आपल्याकडं उलटं. आपला मणी जानेवारीच्या थंडीत फुगतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात पिकतो. उष्णतेत मॅलिक आम्ल मणी स्वतःच श्वसनात जाळून टाकतो. साखर पळत वर जाते, आम्ल पळत खाली. त्यात आपण पोटॅशचा मारा केला की रसाचा पीएच अजून चढतो. खाण्याच्या द्राक्षाला ते चालतं, गिऱ्हाईकाला गोडच पाहिजे असतं. वाइनला ते मारक.

दोन, उतारा. वेलीवर घड थोडे, मणी बारीक, म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. रंग, टॅनिन सगळं सालीत. आपण जीएचे डिप देऊन मणी अठरा मिलीमीटरवर नेतो, ते बरोबर विरुद्ध काम.

तीन, सबुरी. ग्रान रेसेर्वा म्हणायला कायद्यानं किमान पाच वर्षं लागतात, त्यातली किमान दोन ओकच्या पिंपात आणि दोन बाटलीत. हे घराणं कायद्यावर थांबत नाही, अशी वाइन आठ-दहा वर्षं पिंपातच ठेवतात. पिंपं जुनी, त्यामुळं लाकडाची चव फार उतरत नाही, पण लाकडातून हवा इतकी सावकाश मिळते की वाइनला तिची सवय होते. मधेमधे गाळ टाकून पिंप बदलायचं, अंड्याच्या पांढऱ्यानं साफ करायची. दहा वर्षं पैसा अडकवून बसायचं. कोणाच्या जिवावर?

इथं माझी जुनी जखम उघडली.

२००१ ला राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत नाशकात वाइन द्राक्षाचा बोलबाला झाला. आम्ही २००६ ला दोन एकर शिराज लावली, ११०-आर खुंटावर. एका वायनरीशी करार. भाव लिहून दिलेला, घरबसल्या उचल, थिनिंग नको, डिपिंग नको, मजूर कमी. दोन वर्षं पैसे वेळेवर आले. मग २००८ ची मंदी, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांत राहिली. तिसऱ्या वर्षी करारवाले म्हणाले निम्माच माल घेऊ. चौथ्या वर्षी फोन उचलेनात. उरलेला माल आम्ही बेदाणेवाल्याला दाखवला, तो हसला. त्या बियाच्या बारीक काळ्या मण्याचा बेदाणा कोण खाणार? शेवटचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. २०११ च्या उन्हाळ्यात जेसीबी लावला. पाच वर्षांची बाग. वेल नुकती वयात येत होती.

ते दोन दिवस नाना, म्हणजे माझे वडील, शेतात आले नाहीत. फक्त बांधालगतच्या ओळीतल्या सात वेली त्यांनी ठेवायला लावल्या. म्हणाले, बांध ढासळेल. बांध काही ढासळणार नव्हता. मी पण वाद घातला नाही.

बाबांच्या अंगणात बसून मी हे सगळं भाच्याकरवी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, उपटली तेव्हा वय काय होतं? मी पाच बोटं दाखवली. ते बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले. मग भांड्यातली उरलेली वाइन माझ्या ग्लासात ओतली. घाई कर म्हणाले. खरंच, तासाभरानं ती उतरायला लागली होती. वास विरत गेला, नुसता आंबटपणा राहिला. इतकी वर्षं धरून ठेवलेलं दीड तासात संपतं.

बूच मी रुमालात बांधून घरी आणलं.

नाना आता ऐंशीच्या पुढं आहेत. आयुष्यात थेंब घेतला नाही. त्यांच्यापुढं बूच ठेवायला मला संकोच वाटत होता. पण त्यांनी उचललं, नाकाला लावलं आणि म्हणाले, "रिकाम्या कणगीचा वास येतोय." मग विचारलं, "कशी होती?"

"आंबट," मी म्हटलं.

"एवढ्या वर्षांनी पण?"

"हो."

"खोडाचं वय काय होतं?"

बघा, शेतकरी बाटलीचं वय विचारत नाही. मी म्हटलं बाटलीतल्या बागेचं नक्की नाही सांगता येणार, पण त्या बाबांच्या घरच्या वेली सत्तरच्या वर आहेत. नानांनी मान हलवली. "त्यांच्या वेलीला थंडीत झोप मिळते," म्हणाले. "आपण आपल्याला वर्षात दोनदा उठवतो."

याच्यापेक्षा चांगलं मला कुठल्या चर्चासत्रात ऐकायला मिळालं नव्हतं. तिकडं हिवाळ्यात पान गळतं, वेल निजते, मुळात आणि खोडात साठा करून ठेवते. आपल्याकडं पानगळ पुरती होतच नाही. एप्रिलला खरड, ऑक्टोबरला फळछाटणी, दोन वेळा फुटायचं आणि माल एकदाच. त्यात संजीवकं, त्यात दहा-बारा टनाचा बोजा. म्हणून आपली बाग पंधरा-वीस वर्षांत म्हातारी होते.

आता त्या थॉमसनच्या प्लॉटचं. २००३ ची लागवड, नानांच्या हातची. उतारा सहा टनावर आलाय, मण्याला फुगवण येत नाही, ओलांड्याला मर लागलीय. स्पेनहून आल्यावर मला वाटत होतं, राहू द्यावी, जुनं आहे, जपावं. पण नानांनीच सांगितलं, काढून टाक. त्यांच्या म्हातारपणाला भाव आहे, कमी आणि बारीक मालाला मोल देणारं कोणी आहे. आपल्याला व्यापारी मिलीमीटरवर पैसे देतो. म्हातारी बाग ठेवून तो काय मिलीमीटर वाढवणार आहे? खरं आहे ते. बाटलीच्या नादात प्रपंच बुडवायचा नाही. या एप्रिलला प्लॉट निघणार. एक वर्ष जमिनीला ताग आणि विश्रांती, मग नवीन.

पण दोन गोष्टी करतोय. एक, नव्या बागेत पहिली चार वर्षं एकरी आठ टनाच्या वर घड ठेवणार नाही, आणि खरड छाटणीनंतर पानं ऑक्टोबरपर्यंत निरोगी टिकवायची, साठा खोडात जाऊ द्यायचा. भुरी-डाऊनी आली तरी 'आता माल नाही' म्हणून फवारणी सोडायची नाही. बघू, वीसच्या जागी तीस वर्षं निघतात का.

दुसरी, बांधावरच्या त्या सात शिराज. तेरा-चौदा वर्षं कोणी बघितलं नाही, तरी जिवंत आहेत. यंदा मी त्या दोन डोळ्यांवर छाटल्या. पाणी नाही, पोटॅश नाही. वेलीला सहा-सात घड, मणी करवंदाएवढे. परवा रिफ्रॅक्टोमीटर लावला, ब्रिक्स २२. आम्ल मोजायला नमुना पाठवलाय. मणी तोंडात टाकला तर अजून आंबट आहे.

नानांना सांगितलं. ते म्हणाले, "बांध धरून ठेवलाय त्यांनी."

तुमच्यापैकी कोणाकडं वीस वर्षांपुढची, अजून चांगला माल देणारी बाग असेल तर खुंट कोणता, जमीन कशी आणि खरडीनंतर काय सांभाळता, तेवढं जरूर कळवा. आमच्या नव्या प्लॉटला उपयोगी पडेल. आम्लाचा आकडा आला की लिहितो.

राम कृष्ण हरी.